चार्ली चॅप्लिनची जन्मनोंद: न सापडलेल्या एका ओळीचा माग

चार्ली चॅप्लिनच्या जन्माची सरकारी नोंद आजवर कुणालाही सापडलेली नाही. विसाव्या शतकात जगभर ज्याचा चेहरा लहान पोरंही ओळखत, त्या माणसाची ही गत. चरित्रकारांनी शोधलं, वंशावळीच्या हौशी अभ्यासकांनी शोधलं, ब्रिटिश गुप्तचर खात्यानेही शोधलं. जन्म १८८९ चा, म्हणजे इंग्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू होऊन अर्धशतक उलटलेलं. तरी रजिस्टरात ओळ नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश पूर्वजांचा माग काढणाऱ्या प्रत्येकाची गाडी कधी ना कधी इथे अडते. पणजोबांचे वडील जनगणनेत दिसतात, लग्नाच्या नोंदीत दिसतात, दफनाच्या नोंदीतही दिसतात. जन्माच्या सूचीत मात्र त्यांचा पत्ता नसतो. मग घरात तर्क सुरू होतात. दत्तक असतील, परदेशात जन्मले असतील, नाव बदललं असेल. चॅप्लिनच्या बाबतीत हे सगळे तर्क जाहीरपणे लढवले गेले आणि त्यामागचे बरेचसे कागदही आता सर्वांसाठी खुले आहेत. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

आधी घरची माणसं पाहू. आई हॅना हिल, जन्म १८६५, दक्षिण लंडनमधल्या वॉलवर्थची. म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाणी-नकलांच्या करमणुकीच्या थिएटरांत, गायची. रंगमंचावरचं नाव लिली हार्ली. १६ मार्च १८८५ रोजी तिला पहिला मुलगा झाला. तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. त्या मुलाची जन्मनोंद वॉलवर्थमधल्या ब्रँडन स्ट्रीटच्या पत्त्यावर ‘सिडनी जॉन हिल’ अशी झाली. त्यानंतर २२ जून १८८५ ला तिने वॉलवर्थच्याच सेंट जॉन चर्चमध्ये चार्ल्स चॅप्लिन या म्युझिक हॉल गायकाशी लग्न केलं. सिडनी पुढे चॅप्लिन आडनावानेच वाढला. धाकटा चार्ली चार वर्षांनी जन्मला. १९६४ च्या आत्मचरित्रात त्याने स्वतः जन्म सांगितला आहे तो असा: १६ एप्रिल १८८९, रात्री आठ वाजता, वॉलवर्थमधली ईस्ट लेन. नकाशात ही गल्ली ईस्ट स्ट्रीट म्हणून सापडेल. ईस्ट लेन हे तिथल्या लोकांच्या तोंडातलं नाव.

सिडनीच्या नोंदीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या प्रकरणातला तो सर्वांत बोलका कागद आहे. एक म्हणजे, या आईला नोंदणी ठाऊक होती. एकोणीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी, लोक काय म्हणतील याची टांगती तलवार डोक्यावर असताना तिच्या मुलाची रीतसर नोंद झाली. त्यामुळे ‘अडाणी, गरीब घर, त्यांना कायदा काय माहीत’ हे उत्तर इथे चालत नाही. दुसरं म्हणजे, सिडनी चॅप्लिन या नावाने जो कुणी १८८५ ची सूची चाळेल, त्याच्या हाती काही लागणार नाही. नोंद आहे, पण आईच्या माहेरच्या आडनावाखाली आहे. थोरल्याची नोंद अशी वेगळ्या आडनावाखाली असेल, तर धाकट्याचा शोध फक्त चॅप्लिन या नावावर थांबवणं हा अर्धवट शोध ठरतो.

आता कायदा. तो समजल्याशिवाय ‘नोंद नाही’ या वाक्याला वजन किती द्यायचं ते कळत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. (स्कॉटलंडचा कारभार वेगळा, तिथे १८५५ पासून.) सुरुवातीला जन्म हुडकून काढण्याची जबाबदारी स्थानिक निबंधकाची होती. त्याला दर नोंदीमागे मेहनताना मिळे, म्हणून तो फिरून चौकशी करी. आईबापांनी विचारल्यावर माहिती द्यायची, पण आपण होऊन जाऊन कळवायची सक्ती नव्हती. ४२ दिवसांच्या आत नोंद फुकट. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत फी भरून आणि प्रतिज्ञापूर्वक निवेदन देऊन. आणि सहा महिने उलटले की दार कायमचं बंद. चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला म्हणजे काम झालं, असं मानणारी घरंही पुष्कळ होती. त्यामुळे १८३७ ते १८७४ या काळातली एखादी नोंद सापडली नाही तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. ४२ दिवसांच्या मुदतीचा आणखी एक परिणाम आहे. उशीर झालेले काही पालक फी आणि कटकट टाळण्यासाठी जन्मतारीखच थोडी पुढे सरकवून सांगत. दाखल्यावरची जन्मतारीख बाप्तिस्म्याच्या तारखेच्या नंतरची दिसली, तर हे कारण आधी तपासावं.

१८७४ च्या कायद्याने चित्र पालटलं. १ जानेवारी १८७५ पासून नोंद करण्याची जबाबदारी आईबापांवर आली. त्यांनी केली नाही तर ज्या घरात बाळ जन्मलं त्या घराचा रहिवासी आणि बाळंतपणाला हजर असलेली माणसं यांच्यावर. टाळल्यास ४० शिलिंगांपर्यंत दंड. मुदत तीच, ४२ दिवस. तीन महिन्यांनंतर वरिष्ठ निबंधकासमोर जावं लागे आणि वर्ष उलटलं तर थेट महानिबंधकाची परवानगी लागे. चॅप्लिनचा जन्म या दुसऱ्या काळातला आहे. म्हणजे नोंद नसणं हे १८४० सालापेक्षा अधिक दुर्मीळ, पण अशक्य नक्कीच नाही.

अशक्य का नाही, याचं उत्तर म्युझिक हॉलच्या धंद्यात आहे. कलावंत आठवड्या-दोन आठवड्यांच्या करारावर गावोगाव फिरत. आज या शहरात भाड्याची खोली, पुढच्या सोमवारी दुसऱ्या शहरात. नोंद मात्र बाळ जिथे जन्मलं त्याच भागाच्या निबंधकाकडे व्हायला हवी. १६ एप्रिलला जन्मलेल्या बाळाचे ४२ दिवस २८ मेला संपतात. त्या सहा आठवड्यांत मुक्काम हलला, काम मिळालं, पैशाची ओढाताण झाली, की ‘पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणता म्हणता मुदत टळते. मुदत टळली की दंडाची भीती, आणि दंडाची भीती म्हटली की लोक त्या वाटेलाच जात नाहीत. दंड कागदावर होता, पण तो वसूल करायला घरोघरी कुणी फिरत नव्हतं. चॅप्लिनच्या चरित्रात साधारण हेच कारण दिलेलं आहे आणि मला ते पटतं.

पण पटणं आणि सिद्ध होणं यांत अंतर आहे. नोंद झालीच नाही असं म्हणण्याआधी ती कुठे कुठे लपू शकते हे पाहावं लागतं.

१८८९ मध्ये वॉलवर्थ हा भाग सेंट सेव्हियर साउथवर्क या नोंदणी जिल्ह्यात येत होता. आधीचा न्यूइंग्टन जिल्हा १८७० च्या सुमारास त्यात विलीन झाला होता. महानिबंधक कार्यालयाच्या देशभरच्या सूचीत या जिल्ह्याच्या नोंदी १डी या खंडात मिळतात. सूची तिमाहीप्रमाणे असते आणि ती तिमाही जन्माची नसते, नोंदीची असते. एप्रिलमध्ये जन्मलेलं बाळ जूनअखेरच्या तिमाहीत असायला हवं, पण जुलैत नोंदलं असेल तर सप्टेंबरच्या तिमाहीत जाईल, आणि महानिबंधकाच्या परवानगीने उशिरा नोंदलं असेल तर कितीतरी पुढे. जन्मसालाबद्दल खात्री नसेल तर दोन्ही बाजूंना दोन-दोन वर्षं जास्तीची पाहावीत. चॅप्लिन या आडनावाची लेखनभेदाने होणारी रूपंही पाहायला हवीत: चॅपलेन, कॅप्लिन, चॅपलिंग. घाईच्या हस्ताक्षरात मोठा ‘सी’ हा ‘जी’ वाटतो, हेही लक्षात ठेवायचं. त्यानंतर आईचं आडनाव हिल. त्यानंतर हार्ली, कारण रंगमंचावरच्या नावाने व्यवहार करणारे कलावंत कमी नव्हते.

एक जागा बहुतेक जण विसरतात. नाव न ठरलेल्या बाळाचीही नोंद होत असे. तशी बाळं सूचीत आडनावाच्या शेवटी नुसती ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणून येतात. चार्ल्स या नावाने शोधणाऱ्याच्या नजरेतून ती सगळी निसटतात.

या शोधाला २०१६ पासून मोठं बळ मिळालं आहे. जुन्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच दिसतं. महानिबंधक कार्यालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये मूळ नोंदींवरून जी नवी ऑनलाइन सूची खुली केली, तिच्यात ते १८३७ पासून दिलेलं आहे. आता ‘आडनाव चॅप्लिन, आईचं माहेर हिल’ असा जोडशोध घरबसल्या घेता येतो आणि नावसाधर्म्याचे इतर चार्ल्स चॅप्लिन दाखला विकत न घेताच वगळता येतात. लग्नाशिवाय झालेल्या मुलांच्या बाबतीत या सूचीत आईच्या माहेरचा रकाना रिकामा असतो. बाळाचं आडनाव हेच आईचं आडनाव. फ्री बीएमडी ही स्वयंसेवकांनी १९९८ पासून उभी केलेली सूची जुन्या छापील आणि हस्तलिखित खंडांवरून झाली आहे. दोन्ही सूच्यांच्या चुका वेगवेगळ्या असल्याने एकीत नाही म्हणून दुसरी सोडू नये. शिवाय या दोन्ही सूच्या मध्यवर्ती प्रतींवरच्या आहेत. मूळ रजिस्टर स्थानिक कार्यालयात असतं. तिथून दर तिमाहीला नक्कल मध्यवर्ती कार्यालयात जाई, आणि नकलेत ओळ गळू शकते. म्हणून शेवटचा अर्ज नेहमी स्थानिक निबंधकाकडे करावा.

आता गुप्तचर खात्याकडे वळू. सप्टेंबर १९५२ मध्ये चॅप्लिन लंडनला निघाला असता अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. कम्युनिस्टांबद्दलच्या संशयाचा तो काळ. अमेरिकन यंत्रणांच्या विनंतीवरून एमआय फाइव्हने त्याच्या मुळाची चौकशी केली. अमेरिकेत अशी वदंता होती की त्याचं खरं नाव इस्रायल थॉर्नस्टाइन आहे. तेव्हा जन्मनोंदींच्या सूच्या लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्ये असत. तिथे चॅप्लिन या नावाने शोध झाला, थॉर्नस्टाइन या नावानेही झाला; दोन्ही रिकामे. फ्रान्समध्ये, फॉन्टेनब्लोच्या परिसरात जन्म झाला असावा अशी आणखी एक बातमी होती, म्हणून तिकडेही विचारणा झाली; तिथूनही काही हाती लागलं नाही. खात्याच्या एका अधिकाऱ्याने तेव्हाच लिहून ठेवलं की नोंद न सापडणं चमत्कारिक आहे, पण सुरक्षेच्या दृष्टीने त्याला फारसं महत्त्व नाही. या फायली ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने फेब्रुवारी २०१२ मध्ये खुल्या केल्या आणि वर्तमानपत्रांनी ‘चॅप्लिनच्या जन्माचं गूढ’ पुन्हा चघळलं.

मला त्या अधिकाऱ्याच्या समजुतीचं कौतुक वाटतं. थॉर्नस्टाइन नावाची नोंद नाही आणि चॅप्लिन नावाचीही नाही, एवढ्यावरून दुसरं नाव खरं ठरवण्याचा मोह त्याने टाळला. वंशावळीच्या कामात हीच चूक सर्रास होते. एका जागी काही सापडलं नाही की माणूस दुसऱ्या जागी जन्मला असं मानलं जातं; दुसऱ्या जागीही काही सापडलेलं नसतं, याचा सोयीस्कर विसर पडतो.

फ्रान्सचा धागा मात्र न सापडण्याच्या बाबतीत एक महत्त्वाची गोष्ट शिकवतो. फ्रेंच कायद्यानुसार जन्म झाल्यावर तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत कळवावं लागे, आणि ती नोंदणी इंग्लंडच्या मानाने फारच काटेकोर होती. म्हणून फ्रान्समध्ये नोंद न सापडणं हे ‘तिथे जन्म झाला नसावा’ याच्या बाजूने चांगलं वजन टाकतं. इंग्लंडमध्ये, त्यातही फिरत्या कलावंतांच्या घरी, नोंद न सापडण्याला तेवढं वजन नाही. दोन्हीकडे पाटी कोरीच, पण दोन्ही कोऱ्या पाट्यांचा अर्थ एक नाही.

परदेशातल्या जन्माचा तर्क एरवी हसण्यावारी नेण्यासारखा नाही. इंग्लिश सूचीत न दिसणारी कितीतरी मुलं आपल्याकडे जन्मली. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली, कुलाबा इथल्या छावण्यांत गोऱ्या शिपायांना झालेल्या मुलांचे बाप्तिस्मे मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींत गेले आणि त्यांच्या प्रती लंडनला इंडिया ऑफिसात जमा झाल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत पाहायला मिळतात. रडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ ला मुंबईत जन्मला. त्याला इंग्लंडच्या जन्मसूचीत शोधणं व्यर्थ. पण असा तर्क करायला पाया लागतो: बाप पलटणीत होता, जनगणनेत जन्मस्थळ ‘ईस्ट इंडीज’ लिहिलं आहे, असं काहीतरी. हॅना चॅप्लिनच्या बाबतीत १८८९ मध्ये ती फ्रान्समध्ये होती असं सांगणारा कागद नाही. फॉन्टेनब्लोचं नाव आलं ते चॅप्लिनच्या सुरुवातीच्या प्रसिद्धीतून, आणि नटाची प्रसिद्धी हा पुरावा नव्हे.

तिसरी कथा सर्वांत लोभस. चॅप्लिनची पत्नी ऊना १९९१ मध्ये वारली. त्यानंतर मुलगी व्हिक्टोरियाकडे वडिलांचं लिहायचं मेज आलं; त्याचा एक खण कुलूपबंद होता. तो उघडल्यावर त्यात १९७० च्या दशकात आलेलं एक पत्र मिळालं. टॅमवर्थच्या एका वृद्ध गृहस्थाने लिहिलं होतं की तुम्ही लंडनमध्ये जन्मलाच नाहीत. बर्मिंगहॅमजवळ स्मेथविकच्या ब्लॅक पॅच मैदानावर, जिप्सी राणीच्या गाडीत तुमचा जन्म झाला. २०११ मध्ये ही गोष्ट जाहीर झाली. ब्लॅक पॅचवर खरोखरच रोमानी, म्हणजे जिप्सी, लोकांची मोठी वस्ती होती. १९०५ मध्ये त्यांना तिथून हुसकलं गेलं. चॅप्लिनच्या आजीच्या अंगात जिप्सी रक्त होतं असं त्याने स्वतःच लिहिलं आहे. मुलगा मायकेल विचारतो, पत्र खोटं असतं तर वडिलांनी ते जपून का ठेवलं असतं?

प्रश्न मनापासूनचा आहे आणि त्याला उडवून लावू नये. पण पत्र जपणं यावरून चॅप्लिनला त्या पत्रात काय वाटलं ते कळतं. १८८९ मध्ये काय घडलं ते कळत नाही. पत्र घटनेनंतर ८० हून अधिक वर्षांनी लिहिलेलं आहे. ‘जिप्सी गाडीत जन्म झाला म्हणूनच नोंद नाही’ हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो, पण नोंद नसणं फिरत्या गायकांच्या घरालाही तितकंच शोभतं. जी गोष्ट दोन्ही तर्कांना सारखीच लागू पडते, तिच्यावर निवाडा होत नाही. स्मेथविकच्या बाजूने पारडं झुकवायला हॅना त्या वसंतात तिकडे होती हे दाखवणारा एखादा तरी त्या वेळचा कागद हवा. तोवर कुणाला शोध घ्यायचाच असेल तर किंग्ज नॉर्टन, वेस्ट ब्रॉमविच आणि बर्मिंगहॅम या आसपासच्या नोंदणी जिल्ह्यांच्या सूच्या जरूर पाहाव्यात.

आता त्या वेळचे कागद. सर्वांत जवळचा म्हणजे ‘द मॅग्नेट’ हे लीड्सहून निघणारं म्युझिक हॉलच्या धंद्याचं साप्ताहिक. ११ मे १८८९ च्या अंकात दोन ओळींची वार्ता आहे: गेल्या महिन्याच्या १५ तारखेला मिस्टर चार्ल्स चॅप्लिन यांच्या पत्नीला, म्हणजे पूर्वाश्रमीच्या मिस लिली हार्ली यांना, सुंदर मुलगा झाला, बाळ-बाळंतीण सुखरूप. जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत छापलेला हा मजकूर. आईबाप कोण, मूल मुलगा, महिना एप्रिल, साल १८८९, हे सगळं या दोन ओळींत ठरतं. थॉर्नस्टाइनची कथा इथेच संपते. जन्माचं गाव मात्र त्यात दिलेलं नाही, आणि तारीख १५ आहे, १६ नाही.

तारखेबद्दल माझं मत असं की छापील वार्ता घटनेच्या जवळची म्हणून तिला मान द्यावा, पण डोळे झाकून नाही. पत्राने कळवलेली तारीख दुसऱ्या शहरातल्या छापखान्यात खिळे जुळवताना एका आकड्याने चुकू शकते. उलट १६ ही तारीख घरातून आलेली, बहुधा आईने सांगितलेली. दोन्हींत एका दिवसाचं अंतर आहे आणि दोन्ही लिहून ठेवण्यात काही बिघडत नाही.

जागेसाठी १८९१ ची जनगणना उपयोगी पडते. चार्लीच्या दुसऱ्या वाढदिवसाच्या थोडं आधी, एप्रिलच्या सुरुवातीला ती झाली, तेव्हा हॅना आणि दोन्ही मुलं वॉलवर्थमधल्या बार्लो स्ट्रीटवर राहत होती. ईस्ट स्ट्रीट तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. सगळे कागद शेजारी ठेवून पाहा: आईचा जन्म वॉलवर्थ, थोरल्याचा जन्म वॉलवर्थ, लग्न वॉलवर्थ, जनगणना वॉलवर्थ, आणि खुद्द मुलाच्या सांगण्यातही वॉलवर्थ. बाळंतपणासाठी ती याच ओळखीच्या गल्ल्यांत असावी हा अंदाज बळकट आहे. तरी तो अंदाजच.

त्यानंतरचे कागद दारिद्र्याचे आहेत. १८९६ मध्ये दोघं भाऊ वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहात, आणि तिथून हॅनवेलच्या निवासी शाळेत गेले. गरीब-कायद्याखालच्या अशा दप्तरांत मुलांची वयं नोंदलेली असतात. कोणत्या पॅरिशने, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून ठरलेल्या कोणत्या स्थानिक विभागाने, खर्च उचलायचा हे ठरवण्यासाठी पालकांचं राहणं कुठे आणि किती वर्षं, याची बारकाईने विचारपूस होई. म्हणून जन्मनोंद नसलेल्या गरीब घरांसाठी हे दप्तर सोन्याच्या मोलाचं. लंडनची अशी बरीचशी दप्तरं लंडन आर्काइव्हजमध्ये आहेत. तिथेच शाळाप्रवेशाची रजिस्टरंही पाहावीत, त्यांत जन्मतारीख असते. आणि देवीच्या लसीची रजिस्टरं. १८५३ पासून लस सक्तीची होती आणि लसीकरण अधिकाऱ्याला जन्मांची यादी निबंधकाकडूनच मिळे. लसीच्या रजिस्टरात बाळ सापडलं, तर त्याची जन्मनोंद नक्की झाली होती आणि सूचीत ती गळली किंवा बिघडली आहे, असं धरून पुन्हा शोधायला बसावं. ज्या भागाची ही रजिस्टरं टिकली आहेत, तिथे अडलेल्या शोधात मी सर्वांत आधी तीच मागवीन.

या प्रकरणाची नोंद मी वंशावळीत अशी करीन. जन्म: एप्रिल १८८९, छापील वार्तेनुसार १५, कुटुंबाच्या सांगण्यानुसार १६. आईबाप: निश्चित. ठिकाण: बहुधा वॉलवर्थ, सरे परगण्याचा तेव्हा नुकताच लंडन परगण्यात गेलेला भाग, थेट पुरावा नाही. नागरी नोंद: सापडलेली नाही. त्याखाली कोणत्या नावांनी, कोणत्या तिमाह्या, कोणते जिल्हे आणि कोणत्या सूच्या पाहिल्या त्याची यादी, तारखेसह. स्मेथविकचं पत्र आणि फॉन्टेनब्लो यांना वेगळं टिपण, मागाहून जन्मलेल्या कथा म्हणून. आणि एक रकाना मोकळा: आईच्या आडनावाखाली नुसता ‘मुलगा’ म्हणून नोंदलेली, १८८९ च्या जून आणि सप्टेंबर तिमाहीतली सेंट सेव्हियर जिल्ह्याची बाळं, एकेक करून तपासायची.